पांढऱ्या फुलांची पारख : परिपाठ कोणता आणि टारफुला कोणता?



श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत खोडव्याच्या सरीतून चालताना पायाशी बारीक पांढरी फुले दिसतात. ऊस कमरेच्या वर गेलेला असतो, पाती अंगाला कापत असतात, आत वाकून बघायला कोणाला सवड नसते. ‘असेल कायतरी रानफूल’ म्हणून आपण पुढे जातो. बहुतेक वेळा ते रानफूलच असते आणि त्याने उसाचे फारसे बिघडत नाही. पण तशाच रंगाचे आणि तेवढ्याच उंचीचे दुसरे एक फूल आहे. ते उसाच्या मुळाला तोंड लावून बसलेले असते. पहिल्याचे नाव परिपाठ, दुसऱ्याचे टारफुला. ही दोन ओळखण्यात गफलत झाली तर नुकसान दोन्ही बाजूंनी होते. टारफुल्याला रानफूल समजून सोडला, तर पुढची कित्येक वर्षे ते रान फसते. आणि परिपाठाला टारफुला समजून धास्ती घेतली, तर मजुरी आणि औषधाचा खर्च फुकट जातो.

म्हणून या अंकात आम्ही औषधाच्या मात्रा न सांगता नुसती ओळख सांगणार आहोत. शेतात उभे राहून, हातात रोप धरून, डोळ्याने कशी पारख करायची एवढेच. ही पारख एकदा बसली की घरातल्या शाळकरी पोरालासुद्धा करता येते.

मंजिष्ठेचे कूळ

परिपाठ हे रोप मंजिष्ठेच्या कुळातले. हे कूळ फार मोठे आहे. कॉफी त्यातलीच, हिवतापाचे औषध देणारा सिंकोनाही त्यातलाच. आपल्याकडचा कदंब, जंगलातला हेदू आणि देवळापुढे लावतात ती लाल पेंडगुळ हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. एवढा मोठा हेदूचा वृक्ष आणि वीतभर परिपाठ एकाच घरातले, हे सांगून खरे वाटत नाही. पण माणसांत जशी घराण्याची नाकाची ठेवण असते, तशी झाडांतही असते. ती ठेवण ओळखायला शिकले की काम झाले.

या कुळात गॅलियम नावाची रानफुलांची एक मोठी शाखा आहे. युरोपात ती कुरणातून आणि बांधावरून सर्रास दिसते, आपल्या हिमालयातही वाढते. त्यातले पिवळ्या फुलांचे एक रोप वाळले की ताज्या कडब्यासारखा गोड वास देते. जुन्या काळी युरोपातले लोक ते वाळवून गाद्यांत भरत असत, म्हणून इंग्रजीत या रोपांना ‘अंथरुणाचे गवत’ अशा अर्थाचे नाव पडले. त्याने दूध नासवून चीजही करीत. गॅलियम हे नावच ग्रीक भाषेतल्या दूध या शब्दावरून आले आहे. त्याचाच एक भाऊ गव्हातले तण म्हणून बदनाम आहे. त्याच्या अंगावर बारीक आकडे असतात आणि तो कपड्याला, जनावरांच्या केसाला चिकटून शेताशेतातून फिरतो.

आपल्या सह्याद्रीत या शाखेची सख्खी बहीण म्हणजे खुद्द मंजिष्ठा. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला झुडपांवर चढलेला तिचा वेल पाहायला मिळतो. पूर्वी कापड लाल रंगवायला तिची मुळे वापरीत, वैद्य मंडळी आजही औषधात वापरतात. वेलाचे खोड चौकोनी, त्यावर उलटे बारीक काटे. बोट खालून वर फिरवले की लगेच कळते. प्रत्येक पेराला चार-चार पाने गोल फिरवून बसवल्यासारखी असतात. गॅलियमलाही पाने अशीच गोलात येतात, कधी चार, कधी सहा, कधी आठ. दोघांत फरक करायचा तर फूल आणि फळ बघावे. मंजिष्ठेच्या फुलाला बहुधा पाच पाकळ्या, गॅलियमला बहुधा चार. मंजिष्ठेचे फळ रसाळ आणि पिकल्यावर काळे, गॅलियमचे कोरडे आणि जुळ्या मण्यांसारखे.

यात एक गंमत आहे. त्या गोलातली खरी पाने दोनच असतात. बाकीची पाने ही मुळात पानांच्या देठामधल्या पडद्याची वाढ आहे. हा पडदा म्हणजेच या घराण्याचे नाक. ऊस जसा पेरावरून ओळखायचा, तसे हे कूळही पेरावरूनच ओळखायचे.

घराण्याच्या तीन खुणा

आता आपल्या सरीत या. रोप उपटून हातात घ्या आणि पुढच्या तीन गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली खूण पेराची. या कुळात पाने समोरासमोर जोडीने येतात आणि पानांच्या कडा सरळ असतात, त्यांना दाते नसतात. ज्या पेरावर जोडी बसली आहे, तिथे एका पानाच्या देठाकडून दुसऱ्याच्या देठाकडे जाणारा पातळ पडदा दिसतो. परिपाठाला हा पडदा अगदी बारीक असून त्याच्या टोकाला दोन-चार केस असतात. उन्हाकडे धरून पाहिले की दिसतो. नजर कमी असेल तर भिंग घ्यावे.

दुसरी खूण फुलाची. परिपाठाचे फूल ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. पाकळ्या चार आणि चारही सारख्या. रांगोळीत काढतो तशी चौफुली. फूल कसेही फिरवले तरी सारखेच दिसते. पानाच्या बगलेतून दोऱ्यासारखा देठ निघतो आणि त्याच्या टोकाला दोन ते चार फुले झुलत असतात.

तिसरी खूण फळाची, आणि ही सगळ्यांत भरवशाची. डाळिंब आठवा. डाळिंबाचा मुकुट देठाकडे नसतो, उलट्या टोकाला असतो. कारण फळ फुलाच्या खाली धरते आणि फुलाचा उरलेला पेला त्याच्या डोक्यावर राहतो. परिपाठाचे फळ मोहरीएवढे असले तरी त्याची रीत डाळिंबाचीच. वर चार बारीक दात्यांचा मुकुट दिसला की समजावे, हा मंजिष्ठेच्या घरचा.

याच घरातली मदनघंटी नावाची रोपेही आपल्या बांधांवर असतात. तिचे खोड चौकोनी, पाने जाडसर आणि हाताला खरखरीत. पेरावरचा पडदा ठळक असतो आणि त्यावरचे राठ केस नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फुले पांढरी किंवा फिकट जांभळी, चारच पाकळ्यांची, पण त्यांना लांब देठ नसतो. पेराला बिलगून झुबक्याने बसतात. देठावर झुलणारे फूल ते परिपाठाचे, पेराला चिकटलेले ते मदनघंटीचे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. गावोगाव नावे निराळी असतील, पण नावावर जाऊ नये, खुणेवर जावे.

आता टारफुला

टारफुला हा वेगळ्याच घरचा. शास्त्रात त्याला स्ट्रायगा म्हणतात. ज्वारी करणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना तो चांगला ठाऊक होता. ज्वारी, बाजरी, मका, माळावरचे भात आणि ऊस ही सगळी गवतवर्गातली पिके. त्यांच्या मुळांवर तो जगतो. ज्वारीची जुनी राने पाण्याखाली आली आणि तिथे ऊस उभा राहिला, तरी मातीत पडून असलेले बी तिथेच राहते.

वरून पाहिले तर वीतभर उंच, हिरवे, अरुंद पानांचे, पांढऱ्या फुलांचे रोप. खोड याचेही चौकोनी, खालची पाने याचीही समोरासमोर. म्हणूनच फसायला होते. पण हातात घेऊन बघा.

पेरावर पडदा नाही. दोन पानांच्या मधली जागा मोकळी. शेंड्याकडे गेले की पानांची जोडीही मोडते, एक इकडे तर एक तिकडे होते. अंग खरखरीत.

फूल सारखे नाही. वरचा ओठ आखूड, खालचा ओठ मोठा आणि तीन भागांत फाटलेला. समोरून पाहिले तर चार-पाच पाकळ्यांचा भास होतो, पण वरची बाजू आणि खालची बाजू लगेच सांगता येते. आणि खरी खूण बाजूने बघितल्यावर दिसते. फुलाची नळी बारीक असते आणि मध्येच कोपरातून हात वाकवावा तशी वाकलेली असते. परिपाठात असे कधीही नसते. फुलाला झुलणारा देठही नाही. शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत एकेक फूल चिकटून बसते आणि तुरा खालून वर फुलत जातो.

फळ डाळिंबाच्या रीतीचे नाही, वांग्याच्या रीतीचे. वांग्याची टोपी देठाकडे असते आणि फळ तिच्यातून बाहेर येते. टारफुल्याचे बोंड तसेच हिरव्या पेल्याच्या आत बसलेले असते आणि त्या पेल्यावर उभ्या रेघा असतात. टोकाला मुकुट नाही. डाळिंब म्हणजे परिपाठ, वांगे म्हणजे टारफुला. मजूर बायांना एवढे एकच वाक्य सांगितले तरी चालेल.

शेवटची खूण जमिनीतली. परिपाठ उपटला की त्याचे स्वतःचे मूळ आणि तंतू नीट हातात येतात. टारफुला ओल्या रानात हळू उकरून काढा. त्याचा जमिनीतला भाग पांढरा, ठिसूळ, बारीक खवल्यांचा असतो आणि त्याची मुळे उसाच्या मुळाला जाऊन भिडलेली दिसतात. हिसका मारला तर ती तुटतात आणि पुरावा मातीतच राहतो. म्हणून एक तरी रोप खुरप्याने निवांत काढून बघावे.

हा जगतो कसा?

टारफुल्याचे बी धुळीच्या कणासारखे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. एका जोमदार रोपाला असे बी पन्नास हजारांच्या घरात धरते. ते मातीत दहा-दहा वर्षे आणि त्याहून जास्त काळ जिवंत राहते. नुसत्या ओलीने ते उगवत नाही. काही दिवस ओल आणि ऊब मिळाल्यावर ते तयार होऊन बसते आणि वाट बघते. जवळून पिकाचे मूळ गेले, त्या मुळातून पाझरणारे एक द्रव्य त्याला लागले, की ते उगवते.

हे द्रव्य शास्त्रज्ञांनी १९६६ साली पहिल्यांदा वेगळे काढले, आणि तेही कपाशीच्या मुळातून. कपाशीवर टारफुला जगत नाही, तरी तिच्या हाकेला तो उठतो. मग पिकाने असे द्रव्य सोडावेच का, हा प्रश्न बरीच वर्षे सुटला नव्हता. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर दिले. जमिनीतल्या उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी मूळ ही हाक मारते. ती बुरशी मुळाला स्फुरद मिळवून देते. म्हणजे पीक मित्राला हाक मारते आणि चोर ती ऐकून आत शिरतो. अन्नाला मोताद झालेले पीक ही हाक जास्त मारते. हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त का माजतो, त्याचे एक कारण हे. असल्या रानात नत्र-स्फुरदाची हेळसांड करून चालत नाही.

उगवल्यावर काही आठवडे तो जमिनीतच असतो. या काळात त्याला स्वतःचे हिरवे पान नसते, सगळे पोट उसावर. शेतकरी म्हणतो, ‘पाणी तर परवाच दिलंय, खतही टाकलंय, मग ऊस माना का टाकतोय?’ पाने पिवळी पडतात, दुपारी सुकल्यासारखी दिसतात, वाढ खुंटते. वरून काही कारण दिसत नाही. इंग्रजीत याला ‘चेटकीचे तण’ म्हणतात, ते यामुळेच. फूल आपल्या डोळ्यांना दिसते तोवर बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. मग पारख करून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग पुढच्या वर्षांचा आहे. फूल दिसले तरी बी अजून पिकायचे असते. त्या मधल्या थोड्या दिवसांत जो ओळखेल, तो पुढच्या दहा वर्षांचे बी वाचवील.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी होते, हे अमेरिकेने पाहिले. १९५६ मध्ये तिथल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांत मक्यात टारफुला सापडला. पुढे तो चार लाख एकरांवर पसरल्याचे आढळले. सरकारला त्या भागातून माती, अवजारे, पीक बाहेर न्यायला बंदी घालावी लागली. केळी पिकवायला वापरतात तो इथिलीन वायू यंत्राने जमिनीत सोडून, बी फसवून उगवायला लावून मारावे लागले. काम कित्येक दशके चालले. आपल्या एकेकट्या शेतकऱ्याला असला खर्च परवडणारा नाही. आपल्याला परवडते ते खुरपे आणि वेळेवरची नजर.

ओळख पटल्यावर काय करावे?

१) टारफुला फुलावर येताच, बोंडे पिकण्याआधी, मुळासकट उपटावा. पुन्हा नवी रोपे वर येतात, म्हणून पंधरवड्याने तीच सरी परत बघावी. एक पाळी करून थांबू नये.

२) उपटलेले रोप बांधावर, पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नये. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरून, वाळवून जाळावे. जनावरांना घालू नये. शेणातूनही त्याचे बी रानात परत येते.

३) बाधित प्लॉटमधून बेणे घेऊ नये. टिपरीला चिकटलेल्या मातीतून बी दुसऱ्या रानात जाते. नांगर, कुळव, खुरपी आणि ट्रॅक्टरची चाके त्या रानातून काढताना माती झाडून-धुवून काढावी. त्या रानाचे काम सगळ्यांत शेवटी ठेवावे.

४) ऊस मोडल्यावर त्या रानात लगेच ज्वारी, मका, बाजरी घेऊ नये. भुईमूग, सोयाबीन, चवळी, कपाशी यांसारखी पिके घ्यावीत. त्यांच्या मुळांच्या हाकेने टारफुल्याचे काही बी उगवते आणि खायला काही न मिळाल्याने मरते. एका हंगामात रान साफ होत नाही, पण बी कमी होत जाते. खोडव्यावर खोडवा ठेवण्याचा मोह मात्र अशा रानात टाळावा.

५) टू-फोर-डी सारखे तणनाशक वर आलेल्या टारफुल्याला मारते. पण शेजारी कपाशी, द्राक्षे, भाजीपाला किंवा उसातच आंतरपीक भुईमूग-सोयाबीनचे असेल, तर वाऱ्याने गेलेला फवारा त्या पिकाला बसतो. म्हणून शेतकी खात्याच्या माणसाला प्लॉट दाखवून, डब्यावरची माहिती वाचून मगच हात घालावा.

आणि परिपाठाचे काय?

परिपाठ आणि मदनघंटी ही दोन्ही साधी तणे आहेत. लागणीपासूनच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत कोणतेही तण उसाच्या तोंडचे खाते, तेव्हा खुरपणी-कोळपणीत तीही जायलाच हवीत. मोठी बांधणी झाल्यावर, ऊस झाकला गेल्यावर जी चार रोपे उरतात, त्यांच्यामागे मजूर लावण्याचे कारण नाही. बांधावरची तर मुळीच काढू नयेत. ती पावसात बांधाची माती धरतात, लहान किडे-माश्या त्यांच्या फुलांवर येतात, आणि ती आपल्या मातीतलीच आहेत. ‘बांध साफ दिसावा’ म्हणून सरसकट फवारा मारला तर मोकळ्या झालेल्या जागेवर बहुधा गाजरगवत येऊन बसते. घरचे काढून परका बसवण्यात शहाणपण नाही.

आमचे सांगणे

गणेशोत्सव ते दिवाळी या काळात प्रत्येक सभासदाने आपल्या प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकदा तरी आत शिरून बघावे. शंका आली तर मोबाईलवर तीन फोटो घ्यावेत : एक फुलाचा बाजूने, एक पेराचा जवळून, एक फळाचा. नुसता वरून घेतलेला फोटो उपयोगाचा नाही, वरून दोन्ही सारखीच दिसतात. रोपच गट ऑफिसात आणायचे असेल तर पिशवीत घालून तोंड बांधून आणावे, वाटेने बी सांडू नये.

आणखी एक. टारफुला निघाला तर लपवू नये. ‘लोक काय म्हणतील, बेण्याला गिऱ्हाईक येणार नाही’ अशी भीती असते, ती आम्ही समजू शकतो. पण पाटाचे पाणी एका सरीतून दुसऱ्या शेतात जाते आणि त्या पाण्याबरोबर बीही जाते. आज एकाच्या दहा गुंठ्यांत असलेला टारफुला गप्प बसल्याने उद्या सगळ्या शिवारात होतो. ज्याने आधी सांगितले, त्याला नावे ठेवू नयेत, शेजाऱ्यांनी त्याच्या खुरपणीला हात लावावा. गाळपाच्या वेळी आपण एका वजनकाट्यावर येतो, तसेच या कामातही एकत्र यावे.

खोडव्यात पांढरे फूल दिसले, तर या वर्षी पुढे जाऊ नका. थांबा, वाका, उपटा आणि बघा. डाळिंब असेल तर खुशाल पुढे चला. वांगे असेल तर पोते आणायला माणूस पाठवा.